लस घेतली

सरांना मराठी उत्तम येत होतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी म्हणेल, बिचाऱ्यांना भाषा कळली नसेल. सर घरी मराठी बोलत, फोनवर मराठी बोलत आणि आमच्यावर ओरडताना तर फारच शुद्ध मराठी बोलत. तेव्हा दोन शब्द वाचताना त्यांनी जो घोटाळा केला, त्याला भाषेचं निमित्त मी देऊ देणार नाही. माणूस समोर उभा असताना त्याला विचारायचं नाही, ही त्यांची सवय होती. त्या सवयीपायी पाच पिल्लं गेली आणि एका माणसाची अकरा वर्षं फुकट गेली. माझा राग अजून उतरलेला नाही. तो सगळाच सरांवर आहे असंही नाही.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. अंधेरीला पूर्वेकडे, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत आमची प्रयोगशाळा होती, सर तिचे प्रमुख. पुढे दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये कुत्री. त्या सुमाराला कुत्र्यांमध्ये एक नवा रोग आला होता. सकाळी खेळणारं पिल्लू संध्याकाळी ओकायला लागायचं, दुसऱ्या दिवशी रक्ताची हगवण आणि तिसऱ्या दिवशी संपायचं. बोरीवली-मुलुंडच्या सोसायट्यांतले लोक पामेरियनची पिल्लं टॉवेलात गुंडाळून आणायचे आणि सगळे एकच विचारायचे, इंजेक्शन दिलं होतं, मग असं कसं झालं? त्याचं उत्तर शोधणं हे आमचं काम होतं.

अर्धं उत्तर तेव्हाही ठाऊक होतं. पिल्लू जन्मलं की आईच्या पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून, त्याला रोगाशी लढायची आयती ताकद मिळते. ती काही आठवडे टिकते. पण हीच आयती ताकद बाहेरून टोचलेलं व्हॅक्सिनही आत शिरताच मारून टाकते. म्हणजे लवकर टोचलं तर वाया जाणार आणि उशीर केला तर तोवर रोग गाठणार. मधे थोडेच दिवस असे असतात, जेव्हा टोचलेलं लागू पडतं. ते दिवस नेमके कधी येतात हे शोधायला आम्ही रस्त्यावरच्या गाभण कुत्र्या शेडमध्ये आणून ठेवत होतो आणि व्यालेल्या प्रत्येकीच्या पिल्लांचं रक्त आठवड्या-आठवड्याला तपासत होतो.

तपासणीला डुकराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लागत. दुसऱ्या कुठल्या सहज मिळणाऱ्या जनावराच्या चालत नसत. म्हणून दर सोमवारी सकाळी मी बोरीवलीहून निघून आधी देवनारच्या कत्तलखान्यात जायची, थर्मासमध्ये बर्फ घालून त्यात रक्ताची बाटली ठेवायची आणि तिथून अंधेरी गाठायची. आमची आई देवगडकडची. मुलगी डुकराचं रक्त आणते म्हटल्यावर तिनं सोमवारची माझी साडी वेगळी काढली आणि संध्याकाळी दारातच बादली ठेवायला लागली. पण नोकरी सोड असं ती एकदाही म्हणाली नाही. वडिलांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच होती आणि घरात पगार आणणारी मी एकटी होते. माझं प्रोबेशनचं वर्ष चालू होतं. त्यातले तीन महिने राहिले असताना हे सगळं घडलं.

शेड सांभाळायचे मामा. अशा ठिकाणच्या वयस्क शिपायाला सगळे मामाच म्हणतात, तसे हेही मामा. मालवणकडचे, कुर्ल्याला राहायचे, चौथी शिकलेले. कामाला लागून अकरा वर्षं झाली तरी रोजंदारीवरच होते. त्या वर्षी त्यांना कायम करण्याचा कागद अखेर वरच्या ऑफिसला पोचला होता. मामांना दुसरं काही नको होतं. कायम झालं की पेन्शन येणार, पेन्शन आली की गावाला जाऊन बसणार, एवढंच ते बोलायचे आणि दिवसातून दोनदा बोलायचे. नियमानं त्यांचं काम झाडलोट आणि खाणं घालणं इतकंच होतं. पण पिल्लाच्या मानेतली शीर अचूक पकडून रक्त काढायला त्यांच्याइतकं कोणाला जमायचं नाही, टोचायला येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांनाही नाही. म्हणून ते कामही सरांनी त्यांच्यावरच टाकून दिलं होतं, कुठे लिहून न देता.

रक्त काढलं की नळी तिरकी करून ठेवायची. गाठ खाली बसते आणि वर पिवळसर पाणी सुटतं. ते सीरम. त्यातच आम्हाला हवी असलेली ताकद मोजायची असते. सीरम काढून बाटलीत भरणं आणि शेडच्या रजिस्टरात नोंद करणं हेही मामाच करत. ते लिहायचे, ‘शिरम घेतला.’

एकदा बाहेरचे पाहुणे आले होते. सरांनी ते रजिस्टर उघडून त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. “बघा, आमच्याकडे शिरम घेतात.” सगळे हसले. मामा दारात चहाचा ट्रे घेऊन उभे होते. तेही हसले, आणि तेच माझ्या डोक्यात गेलं. पाहुणे गेल्यावर मी शेडमध्ये गेले आणि तावातावानं म्हणाले, “मामा, ते शिरम-बिरम सोडा. आपल्या भाषेत लिहा. जखम चिघळली की पिवळं पाणी येतं, त्याला काय म्हणता तुम्ही?”

“लस,” मामा म्हणाले.

“मग लस लिहा. बघू कोण हसतंय ते.”

“सायबांका चलात?”

“साहेब रजिस्टर वाचतात कुठे? वाचते मी.”

हे माझे शब्द आहेत. त्या वेळी मला स्वतःचं मोठं कौतुक वाटलं होतं. गरिबाची बाजू घेतली, मराठीची बाजू घेतली, एका दगडात दोन. टोचायच्या औषधालाही मराठीत लसच म्हणतात, हे काय मला माहीत नव्हतं? पण आम्ही त्याला व्हॅक्सिन म्हणायचो आणि मामा ‘सुई दिली’ असं लिहायचे. त्यामुळे आमच्या दोघांत सगळं साफ होतं. ‘लस घेतली’ म्हणजे सीरम काढलं, ‘सुई दिली’ म्हणजे व्हॅक्सिन टोचलं. मी रोज संध्याकाळी रजिस्टर समोर घेऊन सरांची इंग्रजी फाइल भरायची. सहा महिने असंच चाललं आणि एकदाही चूक झाली नाही.

मग चुलत बहिणीचं लग्न निघालं आणि मी बारा दिवसांची रजा घेऊन गावाला गेले.

शेडमध्ये तेव्हा एक पांढरी कुत्री होती, तिची सात पिल्लं. त्यांची आयती ताकद उतरत आली होती आणि आठव्या आठवड्यात त्यांना टोचायचं ठरलं होतं. मंगळवारी मामांनी रक्त काढायचं आणि गुरुवारी डॉक्टरांनी येऊन व्हॅक्सिन द्यायचं. जाण्यापूर्वी मी सात बाटल्या वेगळ्या काढून, त्यांवर ‘पांढरी’ अशी चिठ्ठी चिकटवून फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या. मंगळवारी मामांनी रक्त काढलं आणि रजिस्टरात लिहिलं, ‘पांढरीची सात पिल्लं. लस घेतली.’ मी नव्हते म्हणून फाइल भरायला सर स्वतः बसले. त्यांनी वाचलं, लस घेतली. म्हणजे पिल्लांनी लस घेतली. फाइलमध्ये सात ओळींपुढे सात बरोबरच्या खुणा केल्या. मंगळवारी टोचणार कोण, डॉक्टर तर गुरुवारी येतात, एवढासुद्धा प्रश्न त्यांना पडला नाही. मामा तिथंच, दहा पावलांवर, भांडी विसळत होते. गुरुवारी डॉक्टर आले, फाइल बघितली, झालंय की सगळं, असं म्हणाले आणि चहा पिऊन गेले. मामांना वाटलं, दिवस पुढे ढकलला असेल. मोठ्यांच्या कामात बोलायचं नाही, हे त्यांना अकरा वर्षांत नीट शिकवलेलं होतं.

मी त्याच्या पुढच्या शुक्रवारी परत आले ती गल्लीच्या तोंडाशीच थांबले. त्या रोगाचा वास एकदा नाकात गेला की विसरता येत नाही. सातातली पाच पिल्लं चार दिवसांत गेली होती. मामा दोन्ही उरलेल्या पिल्लांना मांडीवर घेऊन चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजत होते. मला बघून ते उठलेसुद्धा नाहीत. “फ्रिज उघडो रवलो म्हणतत,” ते म्हणाले. “मी उघडो ठेवलंय म्हणतत. बाय, मी नाय ठेवलंय गो.”

सरांनी तोवर सगळं जुळवून ठेवलं होतं. फाइलमध्ये टोचल्याची नोंद आहे, तरी पिल्लं मेली. म्हणजे व्हॅक्सिन खराब होतं. ते खराब झालं कारण फ्रिज उघडा राहिला. आणि सीरमच्या बाटल्या ठेवायला तो फ्रिज रोज उघडतो कोण, तर मामा. तसं पत्र वरच्या ऑफिसला गेलंही होतं.

मी फ्रिज उघडला. वरच्या कप्प्यात माझ्या सात बाटल्या जशाच्या तशा होत्या. झाकणं शाबूत, चिठ्ठी माझ्याच अक्षरातली. मग मी रजिस्टर काढलं आणि ती ओळ वाचली. काय झालंय ते कळायला मला एक मिनिटही लागलं नाही. मी तशीच सरांच्या खोलीत गेले.

“सर, टोचलेलंच नाही. मामांनी सीरम काढलं होतं. लस म्हणजे सीरम.”

सरांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “लस म्हणजे सीरम, हे कोणत्या शब्दकोशात आहे?”

“बाटल्या फ्रिजमध्ये आहेत. सातही. येऊन बघा.”

“दुसऱ्या बॅचच्या असतील. पत्र गेलंय, आता हा विषय वाढवू नका. तुमचं प्रोबेशन कधी संपतंय?”

हा शेवटचा प्रश्न त्यांनी अगदी सहज विचारला, पोरीबाळींची चौकशी करतात तसा. सोमवारी मी देवनारहून आले तेव्हा वरचा कप्पा रिकामा होता. व्हॅक्सिनचा सगळा साठा खराब असावा म्हणून कंपनीकडे परत पाठवला, असं कळलं. सरांनी मुद्दाम पाठवला असं मी म्हणत नाही. कदाचित त्यांना खरंच तसं वाटत असेल. पण स्वतःच्या सोयीचं तेच खरं वाटणं ही काही लोकांना लाभलेली देणगी असते आणि तिची मला किळस आहे.

मग मी ठरवलं, तपासणीतूनच दाखवून देते. पिल्लं आजारी पडल्यावर मामांनी घेतलेलं सातांचंही सीरम होतं. पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटलीत छोटे खळगे असतात. प्रत्येकात सीरम, विषाणू आणि डुकराच्या पेशी घालून ताटली थंडीत ठेवायची. सीरममध्ये ताकद असेल तर पेशी खळग्याच्या तळाशी लाल बटणासारख्या बसतात. नसेल तर विषाणू त्यांना धरून ठेवतो आणि खळगाभर फिकट जाळी पसरते. सगळीकडे जाळीच पसरली होती, दोन पिल्लांत जेमतेम एकेक बटण. पिल्लांत व्हॅक्सिनची ताकद आलीच नव्हती हे सिद्ध झालं. पण व्हॅक्सिन टोचलंच नाही तरी जाळी आणि खराब व्हॅक्सिन टोचलं तरी जाळीच. ज्या तपासणीवर मी जीव लावला होता ती माझ्या बाजूनंही बोलत होती आणि सरांच्या बाजूनंही. ती ताटली मी आपटली. मोरीत पडलेले तुकडे गोळा करताना मामा म्हणाले, “जाऊं दे गो बाय.” त्यांच्यावरही मी ओरडले.

चौकशीला वरच्या ऑफिसातून दोन साहेब आले. तिसरे आमचे सरच, म्हणजे ज्यांच्या खुणांवरून हे सगळं झालं तेच चौकशीला बसले. माझ्याजवळ आता एकच गोष्ट उरली होती. मागच्या सहा महिन्यांचं रजिस्टर आणि त्याच सहा महिन्यांची माझ्या हातची फाइल. मी दोन्ही टेबलावर शेजारी-शेजारी उघडून ठेवली आणि उभी राहूनच बोलत सुटले. “ही तारीख बघा. मामांनी लिहिलंय, लस घेतली. फाइलमध्ये मी काय लिहिलंय? सीरम काढलं. ही दुसरी तारीख. इथं लिहिलंय, सुई दिली. फाइलमध्ये व्हॅक्सिन.” अशा वीसेक नोंदी मी त्यांना दाखवल्या. मधल्या साहेबांनी चष्मा लावून त्या एकेक तपासल्या. सर खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, जिंकलं.

मधले साहेब म्हणाले, “बरोबर आहे. म्हणजे फ्रिजचा प्रश्न येत नाही. नोंदच चुकीच्या शब्दात केली होती.”

चुकीच्या शब्दात. वाचणाऱ्यानं विचारलं नाही, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

मग त्यांनी विचारलं, “पण सीरमला लस लिहायला याला सांगितलं कोणी?”

आता खरं तर उत्तर सोपं होतं. मी सांगितलं. एवढे दोनच शब्द होते. ते बोलायचे म्हणूनच मी तिथं आले होते, निदान घरून निघताना मी तसंच समजत होते. पण तोंड उघडण्याआधी मला वडील दिसले, खुर्चीत बसून सकाळचाच पेपर संध्याकाळी पुन्हा वाचणारे. प्रोबेशनचे तीन महिने दिसले. मी थांबले. फार नाही, पेशी बघायला ताटली उजेडात धरतो तेवढाच वेळ. तेवढ्यात मामा दाराजवळून बोलले.

“कोणी नाय सायबानु. माझ्याच मनान लिवलंय. आमच्याकडे तशाक लसच म्हणतत.”

“बाईंना विचारलं होतं?”

“नाय. बाईंका काय म्हायत नाय.”

मधल्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी अजून उभीच होते. अजूनही बोलता आलं असतं. मी खाली बसले.

मामांची रोजंदारी त्या महिनाअखेरीला थांबली. परवानगीशिवाय नोंदीचे शब्द बदलणारा माणूस कायम कसा करणार, असा शेरा त्यांच्या कागदावर मारून तो परत आला. मी तीन महिन्यांनी कायम झाले. सरांच्या अहवालात पांढरीची सात पिल्लं ‘व्हॅक्सिन दिलं, परिणाम नाही’ अशीच राहिली, कारण ते पत्र आणि ती फाइल बदलायची म्हणजे सरांनी सही करून आपली चूक मान्य करायला हवी होती. त्या सात ओळींमुळे आमचं उत्तर पुढे सरकलं. आठव्या आठवड्यात टोचून उपयोग नाही, थांबा, असं आम्ही लोकांना सांगायला लागलो. थांबलेल्यांपैकी किती जणांनी टॉवेलात गुंडाळलेली पिल्लं आणली ते मी मोजलं नाही. मोजायला हवं होतं.

शेवटच्या दिवशी मामा शेडच्या नळावर हात धूत होते. वाचलेली दोन पिल्लं त्यांच्या पायात घुटमळत होती. मी त्यांच्यावर तुटूनच पडले. “कोणी सांगितलं होतं तुम्हाला मध्ये बोलायला? मी सांगणार होते. मी सांगतच होते.”

मामांनी हात लुंगीला पुसले. “तुझ्या घरात कमावणारा दुसरा कोण आसा? माका गावाक घर आसा, चार माड आसत.”

“तुमची अकरा वर्षं गेली, मामा.”

“तू बसलंस, ता बरा केलंस,” ते म्हणाले आणि दोन्ही पिल्लांना कोणत्या वेळी काय घालायचं ते मला समजावून सांगायला लागले. धाकट्याला दूध पचत नाही, पेज द्यायची. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, मी नीट ऐकत होते, कुठेच नव्हता. त्यांनी मला दोष दिला असता तर मी निदान भांडले तरी असते.